पहिल्या डब्याची चव

चहा चाखण्याच्या खोलीत अंधार चालत नाही. खिडकी मोठी लागते, तीही उत्तरेला, कारण उन्हाची तिरीपसुद्धा कपावर पडता कामा नये. भिंती पांढऱ्या, ओटा पांढरा, कप पांढरे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण जे झालं ते लख्ख उजेडात झालं, सकाळी दहा ते दुपारी साडेबारा या वेळात. अंधारात भलतंच काही दिसलं असेल, ही पळवाट तिला आजही मिळत नाही.

सात महिन्यांच्या रजेनंतर ती त्या दिवशी पहिल्यांदा चहा चाखण्याच्या कामावर निघाली होती. छकुली सासूबाईंच्या मांडीवर बसून स्वतःची मूठ चोखत होती.

"अगं, जा आता," सासूबाई म्हणाल्या. "तू नसलीस की ती रडत नाही. तू असलीस की रडते."

हा दिलासा होता की टोमणा, याचा विचार करत तिने अख्खा रस्ता संपवला. या कामाला जाताना अत्तर लावायचं नसतं, पावडर नाही, सकाळच्या खाण्यात कांदा नाही. ते सगळं तिने पाळलं. पण खांद्यावर वाळलेल्या दुधाचा वास कुठे ठेवून यायचा? आणि खरी धास्ती त्याच्याही पलीकडची होती. बाळंतपणात केस गेले, झोप गेली, चुलीवर ठेवलेलं दूध आठवेनासं झालं. जीभही गेली असेल तर? जिभेला हाड नसतं म्हणतात, तिच्या जिभेला आता भरवसाही उरला नव्हता. जीभ गेली असेल तर उद्यापासून खालच्या दालनात चहाचे पुडे चिकटवायला बसायचं, इतकं सोपं होतं ते.

कप धुणाऱ्या, पाणी उकळणाऱ्या मावशींनी दारातच तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

"किती वाळलीस गं! पोरगी सगळं ओढून घेते वाटतं?"

"मावशी, मी फुगलेय."

"मग चेहरा वाळलाय आणि बाकी फुगलीयेस. बस. पाणी चढवते."

कारखाना लहानसाच. खाली दालन, तिथे पानं, साली, पाकळ्या एकत्र करायचा लोखंडी ढोल, आत माणूस उभा राहील एवढा. वर माळ्यावर चाखायची खोली, आणि खोलीच्या एका भिंतीत काच, तिच्यातून सगळं दालन दिसतं. मालक त्या काचेशी पाठमोरे उभे होते.

"आलात? बरं झालं," ते वळून म्हणाले. "बघू या, जीभ घरी विसरलात की आणलीत."

पहिल्या रांगेत सहा कप होते. प्रत्येकात मापून पान, वरून उकळतं पाणी, झाकण, पाच मिनिटं. मग अर्क पांढऱ्या वाटीत उतरवायचा आणि भिजलेलं पान झाकणावर पालथं करायचं. रंग बघायचा, पान हुंगायचं, चमचाभर अर्क आवाज करत जोरात ओढायचा की तो फवाऱ्यासारखा टाळूवर उडतो, क्षणभर घोळवायचा आणि थुंकदाणीत थुंकायचा. गिळायचा नाही.

मोगरा. पुदिना. धुरावलेलं पान. व्हॅनिलाच्या कपाशी ती थांबली. "याची बाटली उघडी राहिली होती. दोन दिवस तरी." मावशींनी खाली बघून हसू दाबलं. दालचिनीवर तिने मान हलवली, "ही नुसती ओरडतेय. पानाला बोलू देत नाही." संत्र्याच्या सालीवर म्हणाली, "आतला पांढरा भाग नीट खरवडला नाही कुणी."

मालकांच्या खांद्यातला ताण उतरला. तिच्याही. जीभ होती. घरी जाऊन सासूबाईंना सांगायला एक गोष्ट झाली.

"आता तांबडी," मालक म्हणाले.

तांबडी म्हणजे जास्वंदीच्या पाकळ्या, संत्र्याची साल, दालचिनी आणि काळं पान. कारखाना उभा राहिला तो त्या एका चवीवर. पहिल्यांदा ती मालकांनी स्वतःच्या हातांनी केली, ती इथे येण्याच्या कितीतरी आधी, आणि त्या पहिल्या ढोलातलं थोडं पान एका पत्र्याच्या डब्यात कुलपात ठेवलं. तेव्हापासून नवा ढोल काढला की त्याची चव त्या डब्याशी ताडून बघायची. ती 'जुळलं' म्हणाली तर माल बाहेर. जुनं पान चव सोडतं. या डब्यातलं सोडत नव्हतं. याचं नवल कधी कुणी केलं नाही. तिनेही नाही.

"तुम्ही नव्हता तेव्हा माल तसाच पाठवला," मालक म्हणाले. "दुकानदार परत पाठवताहेत. पूर्वीसारखी लागत नाही म्हणतात. डब्यात पाचच चमचे उरलेत. आज जुळवायचंच."

मावशींनी दोन कप केले, एक डब्यातला, एक सकाळच्या ढोलाचा, आणि तिला पाठ फिरवायला लावून कपांची जागा बदलली. तिने दोन्ही ओढले. डब्यातला कप लगेच ओळखू आला. साल गेली, दालचिनी गेली की जिभेच्या मुळाशी काहीतरी उरायचं. उबदार, खारट, लोखंडासारखं. ते तिला नेहमीच आवडायचं, आणि आज तर तोंडाला पाणीच सुटलं. दुसऱ्या कपात ते नव्हतं.

"नाही जुळत," ती म्हणाली. "तळ कमी आहे."

खालून किंकाळी आली.

काचेशी धावून बघते तो साली कापायच्या यंत्रापाशी काम करणारी बाई एका हातात दुसरा हात धरून उभी होती, आणि धरलेल्या हाताला एक बोट पेरभर कमी होतं. रक्त कोपरावरून टपटपत होतं. ती स्वतःच्या हाताकडे असं बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

त्या बाईला दवाखान्यात नेलं. यंत्र धुतलं, साली फेकून दिल्या, नव्या घेतल्या. ढोलवाले काका वर येऊन म्हणाले, "ताई, एक थेंबसुद्धा मालात गेला नाही. माझ्या डोळ्यांदेखत धुतलंय."

"मग पुढचा ढोल लावा," मालक म्हणाले.

"साहेब... आज राहू द्या ना."

"लावा."

पाऊण तासाने दुसरे दोन कप आले. माणूस घाबरतो, जीभ घाबरत नाही. ती आपलं काम करते. नव्या कपात तळ होता. पुसट, पण होता. जिथे थेंबही पडला नव्हता तिथे तो आला कुठून, हा विचार डोक्यात यायच्या आत सवयीने तोंडातून निघून गेलं, "अजून कमी आहे."

काचेपलीकडे दोन हमाल पोती रचत होते. बारा वर्षं एकाच डब्यातून जेवणारे. तिचं वाक्य संपलं आणि एकाने पत्र्याचं फावडं उचलून दुसऱ्याच्या तोंडावर मारलं. काही बोलाचाली नाही, शिवी नाही. जबडा मोडल्याचा आवाज काचेतून वर आला. खाली पडलेला उठला, आणि त्याने पहिल्याचा कान दातांत धरला आणि मान झटकली. चौघांनी मिळून त्यांना वेगळं केलं. वेगळं केल्यावर दोघंही रडायला लागले, लहान मुलांसारखे, आणि एकमेकांना विचारायला लागले, "काय झालं रे? कुणी मारलं तुला?"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. मावशी तिच्या कानाशी आल्या.

"पोरी... तू 'कमी' म्हणालीस की होतंय हे."

"काय आहे त्या डब्यात, मावशी?"

"मालकालाही माहीत नाही. माहीत असतं तर तुझी गरज काय होती?"

"मी घरी जाते. मला बरं वाटत नाही, असं सांगते..."

"नंतर जा," मालक म्हणाले. दाराला त्यांनी आतून कडी घातली होती. "जवळ आलंय. तुम्हालाही कळतंय, जवळ आलंय."

तिसरे कप आले तेव्हा बारा वाजून गेले होते. खोलीत उकळत्या पाण्याचा सूं सूं आवाज तेवढा होता. तिने डब्यातला घेतला. मग नवा. नवा इतका जवळ होता की दुसरं कुणी असतं तर फसलं असतं. एक केस कमी. फक्त एक केस. तिने थुंकून वर बघितलं, आणि काचेपलीकडे काका दिसले. ढोलाचं झाकण उघडून त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला होता, आणि ढोल फिरायला लागला होता. बटण चार पावलांवर भिंतीत होतं. तिथे कुणीही नव्हतं. काकांनी वर तिच्याकडे बघितलं. ते ओरडत नव्हते. तिच्या उत्तराची वाट बघत होते.

"जुळलं!" ती ओरडली. "जुळलं, जुळलं, बरोबर जुळलं!"

ढोल गचका खाऊन थांबला. काकांनी हात बाहेर काढला. बाही खांद्यापर्यंत फाटलेली होती, हात धड होता. ते जमिनीवर बसले आणि त्याच हाताने तोंड झाकून घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा ती चवीबद्दल खोटं बोलली होती. आणि तिला एकदम हलकं वाटलं.

"खोटं," मालक म्हणाले.

"नाही साहेब..."

"खरं जुळलं की तू डोळे मिटतेस. सहा वर्षं बघतोय मी." अहो-जाहो कधी गळून पडलं ते तिला कळलंही नाही. ते जवळ आले. एका हाताने त्यांनी तिचा जबडा धरला, अंगठा गालात रुतवून, आणि दुसऱ्या हाताने चमचा नव्या कपात बुडवला. "पुन्हा चाख. आणि खरं सांग."

तिने त्यांच्या छातीवर बुक्के मारले. नखं मारली, नडगीवर लाथ मारली. चमचा दातांवर आदळला, हिरडीला लागला, आत शिरला. त्यांनी तिचं डोकं मागे भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा, आणि दुसऱ्यांदा तिचे दात कचकन मिटले. मध्ये मऊ काहीतरी आलं. तोंड रक्ताने भरलं. गरम, खारट, लोखंडासारखं. चहात मिसळलं, टाळूवर पसरलं, जिभेच्या मुळाशी गेलं.

आणि त्याच क्षणी तिच्या छातीतून दूध वाहायला लागलं. कपडे भिजून गेले. बाळ किंचाळलं की येतं तसं, भळाभळा. पण बाळ तर दोन मैलांवर होतं.

तिला नको होतं, तरी तिचे डोळे मिटले.

"आहा..." मालक म्हणाले. अगदी हळू, प्रेमाने. "हेच. किती लागेल याचं, सांग. मापून सांग."

मावशींनी उकळती किटली त्यांच्या मनगटावर ओतली. नुसती सांडली नाही, धार धरून ओतली. "सोड तिला, मुडद्या!" कातडी हातमोज्यासारखी सुरकुतली, तरी ते सोडेनात, मग मावशींनी तीच किटली त्यांच्या कानशिलात हाणली. पकड सुटली. तिने डबा उचलला आणि उरलेले दोन चमचे थुंकदाणीत उलटे केले, तिच्याच थुंकीत, सकाळपासूनच्या गढूळ पाण्यात. मालक गुडघ्यांवर पडले आणि भाजलेला हात आत घालून एकेक पान वेचायला लागले. ती कडी काढून पळाली.

रस्त्यात तिने चार वेळा रक्त थुंकलं. पाचव्यांदा थुंकली तर नुसती लाळ आली. एका दुकानाच्या काचेत तिने जीभ बाहेर काढून बघितली, पुढून, खालून, दोन्ही कडांनी. जिभेवर साधा ओरखडासुद्धा नव्हता. गालाला, हिरडीला, कुठेही काही नव्हतं.

मग ती धावली.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. पदरावर तांबडे डाग होते.

"अगं, केव्हाची फोन लावतेय तुला! मांडीवर खेळत होती गं, अगदी शहाण्यासारखी. साडेबाराला एकदम किंचाळली आणि तोंडातून रक्त... मी घाबरले, शेजारच्या डॉक्टरांना बोलावलं. आता थांबलंय. घाबरू नकोस. थांबलंय."

"कशाने? काय लागलं तिला?"

"ते म्हणाले, जीभ चावली गेलीय. मी म्हटलं, डॉक्टर, हिला अजून एक दात नाही." सासूबाईंचा आवाज बारीक झाला. "मग त्यांनी पुसून पुन्हा बघितलं. म्हणाले, जखम आजची नाहीच. व्रण जुना आहे, भरून पांढरा पडलेला... कित्येक वर्षांपूर्वीचा. आणि मग मलाच विचारायला लागले, 'आजी, मुलगी नक्की किती वर्षांची आहे?'"

तिने छकुलीला उचललं. खिडकीपाशी, भर उजेडात नेलं आणि बोटाने हलकेच तिची हनुवटी खाली केली. इवल्याशा जिभेवर मोठ्या माणसाच्या दातांची अख्खी कमान उमटलेली होती, जुनी, पांढरी, गुळगुळीत.

छकुली रडत नव्हती. आईच्या तोंडाकडे टक लावून ती मिटक्या मारत होती.