सांगायचा राहिलेला पूल

प्रायोंग मिस्त्रीने पिकअपचं बॉनेट आदळलं आणि चिंधीला हात पुसत म्हणाला, "सिंगखामकाका, खरं सांगू? इंजिन गेलंय, गिअरबॉक्स गेलाय. चाळीस हजार बाट लागतील. भंगारवाला निदान चार पैसे तरी हातावर ठेवेल."

म्हाताऱ्या सिंगखामने बॉनेटवर हात ठेवला. सत्तावीस वर्षांची ती गाडी दोन महिने प्रायोंगच्या शेडमध्ये उभी होती, योम नदीच्या पुलाच्या अगदी अलीकडे. बायकोचा, चान्ताचा, देह फ्रे शहरातल्या इस्पितळातून घरी आणताना गाडीने तिथेच मान टाकली होती.

"बाबा, वेड लागलंय का तुम्हाला?" चियांगमाईहून आलेली लेक, सुपिन, कडाडली. "घरात आहेत ते आईच्या मयताचे पैसे, गावाच्या मंडळाने दिलेले. त्यातून तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय. ते या खटाऱ्यात घालणार?"

"विचार करतोय."

"त्यात विचार कसला करायचाय!" ती पाय आपटत बाहेर फोन करायला गेली.

तो काय विचार करत होता ते लेकीला सांगण्यासारखं नव्हतं. गेलेल्या माणसाला रस्ता दिसत नाही. सोबतच्या जित्या माणसाने प्रत्येक वळण, प्रत्येक पूल त्याला मोठ्याने सांगायचा, नाहीतर जीव वाटेतच राहतो. त्या दिवशी मागे देहापाशी सुपिन पेटती उदबत्ती धरून बसली होती आणि सिंगखाम गाडी हाकता हाकता ओरडून सांगत होता, "डावीकडे वळतोय गं, चान्ता. आता पूल येईल हं, घाबरू नकोस." आणि नेमकी गाडी बंद पडली. एका धर्मादाय संस्थेची व्हॅन आली, माणसांनी घाईघाईने देह तिच्यात चढवला, हे दोघेही चढले. पूल ओलांडला. पुलापलीकडे डावा रस्ता स्मशानाकडे जातो, उजवा गावात. व्हॅन उजवीकडे वळली, घर दिसायला लागलं, तेव्हा सिंगखामच्या ध्यानात आलं. चान्ताला गाडी बदल असं कुणीच सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अग्नी दिला. भिक्खू आले, सूत्रं म्हटली, सगळं रीतसर झालं. पण त्याला घास गोड लागेना. बिचारी तिथेच बसून राहिली असेल, एवढंच त्याच्या मनात यायचं.

"काका, एक विचारू?" प्रायोंगने आवाज खाली आणला. "आरशाचा हार तुम्ही केव्हा बदलता? मला तर कधी येताना दिसला नाहीत."

आरशाला मोगऱ्याचा हार होता, गाडीच्या राखणदार देवीसाठी. चान्ता तो दर अष्टमीला, पौर्णिमेला न चुकता बदलायची.

"मी कुठे बदलतो? तुझी बायको घालते ना?"

"ती? अहो, ती त्या बाजूला फिरकतसुद्धा नाही! म्हणते, शेजारच्या सीटची काच आपोआप खाली येते. मी वर करतो. सकाळी बघावं तर परत वीतभर खाली."

सिंगखामने दार उघडलं. दोन महिने बंद गाडीला कुबट वास यायला हवा होता. आत निळीच्या रांजणाचा आंबूस वास होता. चान्ताने चाळीस वर्षं कापड रंगवलं. तो वास तिच्या हातांचा कधी गेलाच नाही. हाराचा मोगरा ओला होता. बाजारच्या हाराचा दोरा पांढरा असतो. हा निळा होता, आणि गाठ तिच्या पद्धतीची, दुहेरी.

त्याने दार हळूच लावलं, झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये तसं.

"दुरुस्त कर," तो म्हणाला.

"काका, पण डोळे..."

"कर म्हणतो ना! रस्ता दिसतोय अजून मला."

सुपिन रडली, भांडली, आणि न जेवता चियांगमाईला निघून गेली. त्याचंही म्हाताऱ्याला फार वाईट वाटलं. पण आईला वाटेत टाकून आलो, हे पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, तो एकटाच गाडी न्यायला गेला.

"इंजिन कसं घड्याळासारखं चालतंय बघा," किल्ली देत प्रायोंग म्हणाला. मग जरा घुटमळला. "काच तेवढी राहत नाही वर. सगळं नवीन टाकलं, तरी नाही."

"राहू दे. तिला वारा लागतो," सिंगखाम बोलून गेला.

तो गाडीत बसला. शेजारच्या सीटकडे त्याने पाहिलं नाही. "चान्ता, निघालो गं. फार उशीर झाला, माफ कर मला." गाडी सुरळीत निघाली. डांबर तापलं होतं, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. समोर पुलाचे कठडे दिसायला लागले. अडीच महिने मनात घोळवलेलं वाक्य त्याच्या ओठावर आलं आणि तिथेच अडलं. डोळे भरले. तोंडातून शब्द फुटेना.

चाकं पुलावर चढली.

"पूल आला, अहो," शेजारून आवाज आला. "घाबरू नका."

आवाज तिचाच होता. दमलेला, मायेचा.

सिंगखामने मान वळवली नाही. वाट कोण कोणाला सांगतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

पूल संपला. उजवीकडे गावातली कौलं दिसत होती.

"आता डावीकडे," ती म्हणाली.

त्याने डावीकडचा दिवा लावला.