कोपऱ्यातला खांब

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे खरं आहे. माझ्या सख्ख्या मावसभावाच्या बाबतीत घडलंय. रात्र नव्हती, वीजही गेलेली नव्हती. भर दुपारी अडीच वाजता, त्याच्या धाकट्या बहिणीच्या नव्या फ्लॅटमध्ये.

मावसभाऊ बांधकामावर सुपरवायझर. त्या इमारतीत भूकंपासाठीचं खास, जास्त ताकदीचं स्टील वापरलं होतं. त्याला त्याचा केवढा तोरा! पण ते स्टील वळवताना फिटरच्या नाकी नऊ यायचे.

खांबाच्या उभ्या सळयांभोवती रिंगा घालतात. प्रत्येक रिंगेची दोन्ही टोकं आत, खांबाच्या पोटात वळवावी लागतात. नाहीतर जोराच्या हादऱ्यात रिंग उघडते आणि खांब फुटतो.

तळमजल्यावरचा कोपऱ्यातला एक खांब राहिला होता. काँक्रीटची गाडी दारात उभी होती.

"साहेब, टोकं वळवायचीत अजून. आजचा दिवस द्या," म्हातारा फिटर म्हणाला. सगळे त्याला काका म्हणत.

"काका, एवढं भारी स्टील आहे. काही होत नाही. ओता."

"स्टील कितीही भारी असू द्या साहेब. रिंग उघडली की संपलं."

मावसभावाने ऐकलं नाही. खांब भरला. तपासणीच्या कागदावर 'सगळं ठीक' म्हणून सहीही ठोकून दिली.

महिन्याभरात काका गेला. छातीत कळ आली, बस.

दोन वर्षांनी बहिणीने नेमका तळमजल्यावरचा, त्याच खांबाचा कोपऱ्यातला फ्लॅट घेतला. दादाने उभी केलेली इमारत, म्हणून डोळे झाकून! मावसभावाने तिचं नुसतं अभिनंदन केलं.

आठवड्यात तिचा फोन आला. "दादा, या खांबातून रोज दुपारी ठोकल्यासारखा आवाज येतो रे. वर कोणाचं काही काम चालू नाही."

तो गेला. खांबाला कान लावला.

टण... टण...

आणि मग... एक उसासा.

काकाची तीच सवय होती. दोन घाव, एक उसासा.

"खांबाला मिठी मारून काय बसलायस? वहिनीने घराबाहेर काढलं का?" बहीण हसली.

तो हसला नाही.

आवाज जमिनीलगत होता. दुसऱ्या दिवशी चार बोटं वर आला. तिसऱ्या दिवशी आणखी चार बोटं...

दोन रिंगांमधलं अंतर तेवढंच होतं.

काका टोकं वळवत होता.

खरं सांगायचं तर मावसभावाला भीतीपेक्षा हायसं जास्त वाटलं. बहीण आणि तिचं बाळ वाचलं. कोणापुढे काही कबूल करायला नको. तो रोज दुपारी जाऊ लागला.

अठराव्या दिवशी आवाज छातीच्या उंचीला पोचला.

टण...

दुसरा घाव पडलाच नाही.

त्याने कान आणखी दाबला. आत शांतता. मग अगदी कानाशी, दमलेला आवाज...

"साहेब, एकट्याने होत नाही. जरा हात लावा."

तो अनवाणीच पळत सुटला.

त्यानंतर आवाज आला नाही. आत किती टोकं वळली, खांब फोडल्याशिवाय कळणार नाही. आणि फोडायचा तर ती खोटी सही सांगावी लागेल.

"सांगून टाक तिला," मी परवाही म्हटलं.

"सांगतो," तो म्हणाला. महिनाभर हेच म्हणतोय.

तिला वाटतंय, पीडा टळली. बाळ आता दुपारी छान झोपतं, म्हणून पाळणा तिने त्या खांबाशेजारी हलवलाय. काल मी तिथे बसून चहा पिऊन आलो.

मीही काही बोललो नाही.