मोठीमायची मांडी

स्क्रॅपबुक करायला मंजुषाला कुणी शिकवलं नव्हतं. शाळा सुटल्यावर घरी येऊन, भाजी शिजेपर्यंत मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत ती शिकली. लातूरच्या तिच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या फळीवर डाळींच्या डब्यांना सरकवून मण्यांचे, टिकल्यांचे, लेसच्या रिळांचे डबे येऊन बसले. मैत्रिणीच्या नातवाचं बारसं, मुख्याध्यापकांची निवृत्ती, अशी दोन-चार पुस्तकं करून दिल्यावर स्टाफरूममध्ये तिचं नाव झालं. घरात व्हायचं होतं. नवरा, महांतेश, म्हणायचा, "पोरींचा खेळ हाय," आणि टेबलावरचा पसारा कोपरानं सारून आपलं ताट मांडायचा.

म्हणून दिवाळीच्या सुटीत सगळे शिरूर अनंतपाळला गेले आणि सासऱ्यांनी, आप्पासाहेबांनी, आपणहून विषय काढला, तेव्हा तिला त्याचं फार अप्रूप वाटलं.

"घराण्याचं एक पुस्तक कर," ते म्हणाले. "जुने फोटो कपाटात सादळून चालले. बैठकीत ठेवू. आल्या-गेल्याला बघायला होईल."

"अन् ती बाई दिसाया नको एका बी फोटूत," सासूबाई, कस्तुराबाई, आतून म्हणाल्या.

ती बाई म्हणजे सिंधु, मंजुषाची मोठी जाऊ. थोरल्या शिवशंकरची बायको म्हणून नायगावहून या घरात आली, वीस वर्षं राबली, मूल झालं नाही, आणि गेल्या उन्हाळ्यात फारकतीच्या कागदावर सही करून भावाच्या जीपमध्ये बसून माघारी गेली. आता शिवशंकरची दुसरी सोयरीक जुळत होती. तुळशीचं लग्न उरकलं की पाहुणे घर बघायला येणार होते.

"स्टुडिओत कॉम्प्युटरवर पुसून देतात, आत्या," मंजुषा म्हणाली.

"दुसऱ्याच्या हातात कशाला द्यायच्या घरच्या भानगडी? तुझ्याकडं कात्री हाय की."

यावर बोलण्यासारखं बरंच होतं. पण या घरात तिच्या कात्रीला पहिल्यांदाच मान मिळत होता. मंजुषा कपाटातले जुने फोटो आणायला उठली.

बैठकीत सतरंजी अंथरून फोटो पसरले तेव्हा खरी अडचण कळली. मंजुषाचा एकुलता एक सत्यम झाला तेव्हा तिची नोकरी नवी होती. अंगावरचं सुटलं तसं पोरगं शिरूरला ठेवलं आणि ती लातूरला गेली. शनिवारी यायची, रविवारी संध्याकाळच्या एसटीनं परत. शाळेत घालायच्या वयापर्यंत सत्यम मोठीमायपाशीच वाढला. सिंधुला तो मोठीमाय म्हणायचा, आणि हे त्याला 'मम्मी'च्या आधी म्हणता आलं होतं. त्यामुळं त्याचा लहानपणचा एकूण एक फोटो सिंधुच्या मांडीवरचा. पहिल्या वाढदिवसाला टोपी घालून, मांडीवर. पोळ्याला, रंगवलेल्या बैलापुढं, मांडीवर. जत्रेत तोंडात पिपाणी धरून, मांडीवर. सिंधुचे दोन्ही हात त्याच्या पोटावर एकात एक गुंतवलेले. ती कॅमेऱ्याकडं कधी बघतच नव्हती, त्याच्या टाळूकडं बघायची.

आणि शनिवारी मंजुषा दारात उभी राहिली की तो त्या मांडीवरून, घरी आलेल्या पाहुण्या बाईकडं बघावं तसा तिच्याकडं बघायचा. हे कुठल्या फोटोत नव्हतं, पण मंजुषाच्या पक्कं ध्यानात होतं. कात्री चालायला लागली तेव्हा तिला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं. बरं जरा जास्तच.

साडी, पदर, चेहरा सरळ निघाले. बोटं निघेनात. ती पोराच्या पोटावर होती, कापायची तर शर्टाला भोक पडणार. मंजुषानं नखं कापायची बारीक कात्री घेतली आणि करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट सोलून काढलं. भोकांवर टिकल्या चिकटवल्या. खालची मांडी निघून गेल्यावर सत्यम हवेत बसलेला उरला, पाय लोंबत, पाठ मागं रेललेली. त्याला तिनं प्रत्येक पानावर निळ्या कागदावर बसवलं आणि पायांखाली कापसाचे ढग लावले.

"किस्नावानी दिसायलाय," कस्तुराबाई खूश होऊन म्हणाल्या.

सिंधुचे तुकडे मिठाईच्या रिकाम्या खोक्यात जमले. जित्या माणसाचा चेहरा कचऱ्यात टाकवेना, म्हणून मंजुषानं खोकं खिडकीत ठेवून दिलं आणि कडेची लेस लावायचं काम उरलेलं पुस्तक घेऊन ती लातूरला आली.

लेस लावताना पहिल्या पानावरचा सत्यम तिला जरा खाली वाटला. पाय ढगात बुडाले होते. गोंद ओला राहिला असेल, पुस्तक बॅगेत उभं होतं, असं म्हणून तिनं सोडून दिलं. त्याच संध्याकाळी खरा सत्यम, आता बारावीतला, मिसरूड फुटलेला, क्लासवरून हनुवटी खरचटून घेऊन आला.

"बेंचवरून घसरलो," तो म्हणाला.

"कुणी ढकललं?"

"न्हाई ना. बसलेलाच होतो. सगळी बॅच हसली."

दोन-चार दिवसांत तो जेवणाच्या खुर्चीवरून घसरला, ताटासकट. महांतेश म्हणाला, "रात्रभर मोबाइल बघायचा अन् दिवसा झोपायचं." त्यानंतर कुठंही बसताना सत्यम खुर्चीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरायला लागला. गाडीवर मागं बसेना. चालत क्लासला जायला लागला, उभ्यानं वाचायला लागला.

"काय होतं नेमकं?" मंजुषानं विचारलं.

"बसलं की खाली काय नसल्यासारखं वाटायलंय, मम्मी."

डॉक्टरांनी कान तपासले, रक्त तपासलं. बी-ट्वेल्व्ह कमी निघालं. ते लातुरात सगळ्यांचंच कमी असतं, असं म्हणून त्यांनी इंजेक्शनं लिहून दिली.

मंजुषा गणित शिकवायची. अंदाजावर तिचा विश्वास नव्हता. तिनं पुस्तक उघडलं आणि प्रत्येक पानावर सत्यमच्या डोक्यालगत पेन्सिलीची बारीक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याआल्या, चप्पलही न काढता बघितलं. रेघ वर होती आणि डोकं खाली. मधला निळा कागद कोरा, गोंदाचा डागसुद्धा नाही. सगळ्या पानांवर तसंच. तिनं नखानं कड उचलून बघितली. चित्र कागदाला घट्ट होतं, निघता निघेना.

घाबरायच्या आधी बाई काहीतरी करून बघते. मंजुषानं फर्निचरच्या दुकानाच्या जाहिरातीतला लाल सोफा कापला आणि वाढदिवसाच्या पानावर सत्यमच्या खाली चिकटवला. दुसऱ्या दिवशी सत्यम सोफ्याच्या खाली उतरला होता. सोफा जागेवर होता, पेन्सिलीची रेघही जागेवरच होती. पोळ्याच्या पानावर तिनं पाट लावला, जत्रेच्या पानावर घोडा. तो सगळ्यांवरून घसरला.

मग तिनं स्वतःला कापलं.

लग्नानंतरच्या संक्रांतीचा तिचा एक फोटो होता, काळी साडी, हलव्याचे दागिने, मांडी घालून बसलेली. तो तिनं कडेकडेनं कापला. वाढदिवसाच्या पानावरचा सोफा खरवडून काढून तिनं तिथं स्वतःला लावलं. आपली मांडी बरोबर सत्यमच्या खाली आणली, आपले हात त्याच्या पोटावर येतील असे दुमडून चिकटवले. वर तेलाचा डबा ठेवून पान दाबलं.

दुसऱ्या दिवशी तो तिच्याही मांडीवरून उतरला होता. तिच्या पायांपाशी पोचला होता, तिच्याकडं पाठ करून. दुमडलेले हात रिकामेच एकमेकांवर होते. फोटोतली मंजुषा हसत होती, संक्रांतीला हसली होती तशीच.

त्या दुपारी क्लासच्या जिन्यात डबा खायला बसलेला सत्यम सगळ्या पायऱ्या उतरून खाली आला. मनगट मोडलं. प्लास्टर घालून आणल्यावर महांतेशनं गादी फरशीवर टाकली. "आता फरशीच्या खाली कुठं जाशील?" तो म्हणाला, हसवायला म्हणून. सत्यम हसला नाही. चांगल्या हातानं गादीची कड धरून पडून राहिला.

मंजुषानं शिरूरला फोन लावला.

"आत्या, खिडकीत मिठाईचं खोकं ठेवलं होतं मी."

"कागदाचं? बंबात घातलं की. पाणी लई झ्याक तापलं त्या दिशी."

"कधी घातलं?"

"तू गेलीस त्याच दिशी. ठेवून करायचं काय?"

सकाळच्या पहिल्या एसटीनं मंजुषा निघाली. नवऱ्याला म्हणाली, "पोरापासनं हलू नका." कुठं चालली ते सांगितलं नाही, त्यानं विचारलंही नाही. नांदेडला गाडी बदलली. नायगावच्या गाडीत खिडकीपाशी जागा मिळाल्यावर तिनं पुस्तक उघडलं. निळा कागद, ढग, आणि पानाच्या अगदी खालच्या कडेला सत्यमचं डोकं तेवढं. जत्रेच्या पानावर डोक्याशेजारी एक हात होता, वर केलेला, पिपाणीसकट. खालचा सत्यम कडेच्या बाहेर गेला होता. कडेच्या बाहेर काही लोंबत नव्हतं.

सिंधुच्या भावाचं घर स्टँडपासून जवळच होतं. भावजय, दीपमाला, ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होती. मंजुषाला बघून तिचा हात थांबला.

"सासरचं माणूस आलं म्हणायचं," ती म्हणाली. "आत हायत वन्सं. दिवाळीपासनं जागंवरनं उठंनात. भरवून राहिले मी."

सिंधु भिंतीला टेकून बाजेवर बसली होती, मांडी घालून. दोन्ही हात दोन बाजूंना पडलेले, तळवे वर, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे.

"मंजे, आलीस? ये, बस. सत्या बरा हाय?"

मंजुषा त्या हातांकडंच बघत होती. "हाताला काय झालं, अक्का?"

"एकेक बोट गेलं. आधी करंगळी. डॉक्टर म्हणतो, मानेत नस दबली."

"अन् पाय?"

"पायाला काय न्हाई." सिंधु ओशाळल्यासारखी हसली. "तुला खुळ्यावानी वाटंल. मांडीवर कुणी बसल्यावानी जड लागतंय. आपला सत्या दुपारचा निजायचा बघ. मुंग्या यायच्या, पण मी हलायची न्हाई, उठंल म्हणून. तसंच."

मंजुषानं बघितलं. सिंधुच्या मांडीवरची साडी दबलेली होती. मध्ये खळगा पडला होता आणि चुण्या त्याच्या भोवतीनं निघाल्या होत्या.

"अन् घसरून राहिलाय," सिंधु म्हणाली. "आधी पोटाशी होता. आता गुडघ्याकडं आला. मी धरलं असतं गं. हातच उचलंनात."

"पाय हलवू नका, अक्का."

"न्हाई हलवत."

मंजुषा तिच्यापुढं फरशीवर बसली. सिंधुचे हात उचलले. थंड होते, ओल्या कपड्यासारखे जड. ते त्या खळग्यावर आणून तिनं बोटांत बोटं गुंतवली. सोडल्याबरोबर ती सुटली आणि हात घसरून बाजूला पडले. पुन्हा गुंतवली. पुन्हा पडले.

"ऱ्हाऊ दे, मंजे."

मंजुषानं स्वतःचे हात पुढं केले, सिंधुच्या गुडघ्यांखाली, ओंजळ धरल्यासारखे.

"मी धरते. येऊ द्या माझ्याकडं."

सिंधुनं खाली बघितलं. टाळू बघावी तसं.

"तुझ्याकडं येईना तो," ती हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता.

खळगा गुडघ्याच्या टोकाशी आला होता. तिथली साडी ताणली गेली, कुणी मुठीत धरावी तशी. ताणलेलीच राहिली.

मग सुटली. मंजुषाच्या ओंजळीत काहीच आलं नाही.

चुण्या एकेक करून मोकळ्या झाल्या.

सिंधुनं पाय सरळ केले. बाजेवरून खाली सोडले. पावलांत रक्त उतरेपर्यंत थांबली आणि उभी राहिली.

दारात दीपमाला सूप घेऊन आली होती. "बया, वन्सं उभ्या राहिल्या की," ती म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. "थांबा, चहा टाकते. जरा गोडच करते आज."

मंजुषा फरशीवरच होती, हात पुढं धरून. सिंधु तिच्याकडं बघत नव्हती. ती त्या हातांच्या अलीकडच्या रिकाम्या फरशीकडं बघत होती. बराच वेळ बघितल्यावर तिनं साडी जरा वर घेतली आणि तिथं पाय पडू नये म्हणून जपून, वळसा घालून, दाराकडं गेली.