सात विसा आणि एक

मुंजाबाला कुणी अवघड काम सांगत नसत. वाळूजच्या त्या डेटा सेंटरात तो दाराशी बसायचा, आल्यागेल्याला पाणी द्यायचा. त्या दुपारी सत्यम इंजिनिअरानं एवढंच सांगितलं, "बाबा, आत पेटीपाशी बसा. हिरवा दिवा विझला की फोनवर सांगा. मग मी लाईट काढतो तिची."

पेटी एका गिऱ्हाइकाची. त्याची सगळी माहिती आधी ह्या पेटीतनं जायची, मगच बाहेर. सोडायचं-अडवायचं त्याच्याच हातात. मुंजाबाला हे चटकन उमगलं होतं. मेंढरांच्या वाड्याला एकच तोंड ठेवतेत, तसं. आता गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं होतं अन् पेटी काढायची होती.

खोलीला खिडकी नाय. नुसती पंख्यांची घरघर अन् गार वारा.

फोनवर सत्यम म्हणाला, "इकडनं सगळ्या तारा उपसल्या, बाबा. गेला का दिवा?"

"नाय. लुकलुकतोय."

"असं कसं? त्यातनं कायच जात नाय आता. चष्मा पुसा जरा."

मुंजाबानं चष्मा पुसला. दिवा लुकलुकतच होता. मेंढरं राखायच्या जुन्या सवयीनं तो मोजायला लागला. विसाव्याला दिवा दमभर थांबला. पुन्हा वीस. पुन्हा थांबला.

त्याच्या अंगावर काटा आला. धाकटा भाऊ बन्सी वाड्याच्या तोंडाशी असाच मोजायचा. वीस मेंढरं आत गेली की खिशात एक खडा टाकायचा. तेवढाच दम.

गारपिटीच्या त्या सांजेला सात विसा मेंढरं आत आली अन् मुंजाबानं भिऊन बाभळीच्या काट्यांनी तोंड बुजवलं. बन्सी बाहेरच राहिला. सकाळी सापडला, तेव्हा त्याचे हात काट्यांत होते.

खोलीत भिजल्या लोकरीचा वास सुटला.

"सत्यम... थांब जरा. येऊ दे अजून."

"काय येऊ दे? साहेब वरडायलेत इकडं!"

सातवा वीस सरला. दिवा विझला. मुंजाबा वाट बघत राहिला. लई वेळ.

"बाबा? गेला का?"

"...गेला."

सत्यम आत आला, पेटीची लाईटची वायर काढून हाताला गुंडाळली अन् नाक वर करून म्हणाला, "मेंढरं कुठून आली हो इथं?"

तेवढ्यात पेटीचा दिवा लुकलुकला. एकदाच. थांबला. पुन्हा एकदाच.

मुंजाबानं हळूच हात पुढं केला. पेटीच्या बारक्या जाळीत बाभळीचा काटा अडकला होता. ओला, हिरवा.