नऊ शून्ये

"पाच वाजता राजीनामा द्यायचा आहे," प्रोग्रॅमर मुलगी म्हणाली. "ताई, ती फाइल मी बदललेली नाही."

रुग्णाला थेंबाथेंबाने औषध देणाऱ्या नव्या पंपाच्या प्रोग्रॅममध्ये कुणीतरी मात्रेचा आकडा चुकवला होता. गुरुवारच्या चाचणीत ते उघड झाले. मात्रेची फाइल शेवटची बदलल्याची वेळ होती मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे. आणि मंगळवारी ही प्रोग्रॅमर कार्यालयात एकटीच होती. इथे माणसे तीनच; साहेब आणि मास्तर दोघेही त्या दिवशी बाहेरगावी गेले होते.

तपासाचे काम करणाऱ्या ताईबरोबर तिचा धाकटा भाऊ आला होता. यात शोधायचे काय उरले, हे त्याला कळेना.

साहेबांनी हात वर केले. "मला संगणक चालू-बंद करता येतो, तेवढंच. फाइलींच्या वेळा दाखवणारा मास्तरांचा प्रोग्रॅम आहे, त्यात जी वेळ दिसली, ती सांगितली."

मास्तर इथले सर्वांत जुने प्रोग्रॅमर. मुलीला प्रोग्रॅम लिहायची सी भाषा त्यांनीच शिकवलेली. "वेळ सेकंदापर्यंत पुरे," ते म्हणाले. "त्याखालच्या आकड्यांचा कचरा मी नेहमीच छाटून टाकतो."

"आम्हाला जरा तो कचराच दाखव," ताई मुलीला म्हणाली.

मुलीने मास्तरांच्या प्रोग्रॅममधल्या छाटणीच्या दोन ओळी खोडल्या. पडद्यावर प्रत्येक फाइलच्या सेकंदापुढे नऊ आकडे उमटले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नसलेले. मात्रेच्या फाइलपुढे मात्र नऊच्या नऊ शून्ये.

"योगायोग असेल," भाऊ पुटपुटला.

"अब्जात एखादा! अरे बाळ्या, फाइल साठवताना संगणक सगळे आकडे लिहितो. सेकंदावर थांबतो तो माणूस. ही वेळ मागाहून घातलेली आहे."

"मग हिनेच..."

"स्वतः एकटीच हजर होती, नेमकी तीच वेळ निवडून? स्वतःच्या गळ्यात फास कोण अडकवून घेईल? साहेबांना हे जमायचं नाही. राहिलं कोण? आणि सेकंदाखालचं छाटायची सवय कुणाची?"

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चूक बुधवारी झाली, माझ्याच हातून," ते हळूच म्हणाले. "निवृत्तीला चार महिने राहिलेत. वाटलं, हिचं वय आहे, हिला दुसरीकडे काम मिळेल."

साहेबांनी टेबलावरचा राजीनाम्याचा कागद उचलला आणि चोरट्या हाताने खिशात घातला.

मुलीने डोळे पुसले आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"मास्तर, मूळ आकडा काय होता ते आधी सांगा. सोमवारी हा पंप दवाखान्यात जायचा आहे."

खोडलेल्या दोन ओळी तिने परत घातल्या नाहीत.