चार नंबरचं 'येते'

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे खरंच घडलंय. माझ्या मावशीला खोटं बोलणं जमत नाही, लगेच कान लाल होतात. हे सांगताना ती पांढरीफटक पडली होती.

मंगळवार होता. दुपारचे तीन. दिव्यांनी लखलखणारं मोठं किराणा दुकान.

मावशी तिथे कॅशियर. शेजारच्या चार नंबर काउंटरवर तिची मैत्रीण एकोणीस वर्षं बसली. सगळे तिला 'चार नंबर'च म्हणायचे. मग स्मार्ट ट्रॉल्या आल्या. सामान टाकलं की ट्रॉलीच वजन करणार, ट्रॉलीच बिल करणार, वर गोड आवाजात बोलणार. चार नंबरची नोकरी गेली. तिच्या काउंटरच्या जागी ट्रॉल्यांचं चार्जिंग आलं.

शेवटच्या दिवशी पर्स उचलून ती म्हणाली, "जाते."

"जाते काय? येते म्हण!" मावशीने दटावलं.

"कुठे येऊ गं आता?"

"म्हण आधी!"

"बरं बाई. येते."

त्याच संध्याकाळी ती गेली. बसल्या जागी.

पुढच्याच आठवड्यात तो मंगळवार आला. दुपारी तीनला दुकानात चिटपाखरू नव्हतं. मावशी काउंटर पुसत होती. मागून आवाज आला...

खस... खस...

चार नंबर अशीच चप्पल घासत चालायची.

मावशीने वळून पाहिलं. कोणीच नाही. फक्त एक ट्रॉली चार्जिंगवरून सुटून पुढे येत होती.

तिच्या चाकांचा आवाजच येत नव्हता...

ट्रॉली मावशीसमोर थांबली. आत काही नाही. तिच्या छोट्या पडद्यावर अक्षरं आली : 'वजन नोंदवले. वस्तू ओळखता येत नाही.'

मग ती बोलली. पण रोजचा गोड आवाज नव्हता तो. दमलेला होता. ओळखीचा...

"आले गं."

मावशीने हात जोडले. कसंबसं म्हणाली, "चुकलं माझं. तुला 'येते' म्हणायला लावायला नको होतं. जा तू. सुखाने जा."

पडद्यावर वजन शून्य झालं.

मावशीने तिथल्या तिथे नोकरी सोडली. मॅनेजर म्हणाला, "अहो, मशीन आहे, बिघडतं कधीकधी." तिने ऐकलं नाही. पर्स उचलली, दाराशी आली. वॉचमन म्हणाला, "निघालात?"

इतक्या वर्षांची सवय. "हो, येते."

तिने जीभ चावली. पण शब्द तोंडातून गेला होता.

मागून, रिकाम्या दुकानातून...

"वाट बघते."

वॉचमनला काहीच ऐकू आलं नाही.

मावशी आता त्या रस्त्यानेसुद्धा जात नाही. परवा तिच्या घरून निघताना मी सहज म्हणाले, "येते गं."

तिने धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवला. हात बर्फासारखा गार होता.