चार ते पाच : गेला

बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय डगमगतो. ही घ्या. फोनवर तुम्ही म्हणालात, दिवसाचे तास कुठे जातात तेच कळत नाही, म्हणून तो वेळ मोजणारा प्रोग्राम तुमच्याही कॉम्प्युटरवर हवाय. देतो की बसवून. फुकट आहे. जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलाय, आतला सगळा कोड उघडा, कोणीही वाचावा, कोणीही सुधारावा. मराठीत तो मीच आणलाय. पण आधी माझं ऐकून घ्या आणि मग ठरवा.

तुम्हाला माझं काम माहीतच आहे. यंत्रांची माहितीपत्रकं. पाण्याचे पंप, शिवणयंत्रं, वजनकाटे. 'हे उपकरण ओल्या हातांनी हाताळू नये' हे वाक्य मी आयुष्यात तीनशे वेळा तरी लिहिलं असेल. काम या खोलीत, आणि भिंतीपलीकडे आई. तिच्या डोळ्यांत काचबिंदू, उजेड-अंधार तेवढा कळतो. कानही गेल्यात जमा, अगदी कानाशी वाकून बोलावं लागतं, तेव्हा सगळे आवाज तिला सारखेच लागतात. माणूस ती हातावरून ओळखते.

तिचं करायला दिवसा मावशी असतात, सकाळी आठ ते चार. दुसऱ्या बाई येतात पाचला. मधला तास माझा. तास कसला, माझ्या गळ्यातलं लोढणं! खोटं कशाला बोलू, तेव्हा मला तसंच वाटायचं. ऐन कामाच्या भरात उठायचं, स्टुलावर बसायचं, हात हातात घ्यायचा आणि कालचंच परत बोलायचं. मी टाळायचो. गेल्या वर्षी त्याच तासात ती मोरीकडे जाताना पडली. पाऊण तास फरशीवर होती. मी इथे होतो, कानांत हेडफोन घालून, पंपाच्या झडपेला योग्य शब्द शोधत.

त्यानंतर ताईने मला जे सुनावलं ते मी सांगत नाही. माझी थोरली बहीण, दुसऱ्या गावात असते. पुन्हा आई एकटी राहिली तर मी तिला घेऊन जाणार, असं तिने बजावलं. आई म्हणाली, मला इथून हलवू नका रे, या घराच्या भिंती मला हाताने पाठ आहेत, दुसरीकडे मी खरोखरची आंधळी होईन. मी ताईला शब्द दिला, रोज चार ते पाच आईजवळ बसेन. ताई म्हणाली, "तुझ्या शब्दाला मी विटले. पुरावा दे."

म्हणून हा प्रोग्राम. मी सांगितल्यावर ताई म्हणाली, फुकट ते पौष्टिक, बसव एकदाचा, आणि दर रविवारी तक्ता पाठव. तीन मिनिटं कळफलक किंवा माउस हलला नाही की तो नोंद करतो, माणूस जागेवर नाही. म्हणजे चार ते पाच मी नसलो की ताईची खात्री.

आता त्या शब्दाचं सांगतो, कारण सगळं तिथेच अडलंय. मी भाषांतर करत होतो तेव्हा दोन शब्द हवे होते, माणूस यंत्रापाशी असण्याला एक आणि नसण्याला एक. रकाना एवढासा. 'जागेवर नाही' लिहिलं की शेपूट कापलं जायचं आणि 'जागेवर' एवढंच उरायचं, म्हणजे नेमकं उलटं! मग मी लिहिलं 'आहे' आणि 'गेला'. सुटसुटीत. आमच्या भाषांतरकारांच्या गटात एक निवृत्त गृहस्थ आहेत, सगळे त्यांना शुद्धलेखनकाका म्हणतात. त्यांनी लगेच लिहिलं, अहो, वेळेपुढे नुसतं 'गेला' लिहिलं की मराठी माणूस एकच अर्थ घेतो, बदला ते. मी हट्टी. म्हटलं, रकान्यात बसणारा दुसरा शब्द द्या, बदलतो. त्यांना सुचला नाही. 'गेला' राहिला.

पहिल्या सोमवारी मी खरंच उठणार होतो. देवाशप्पथ. पण पंपाचं माहितीपत्रक दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. चारला मावशी दारातून हाक मारून गेल्या, मी म्हटलं पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांचे किती झाले ते तुम्हीच ओळखा. पाचला दुसऱ्या बाईंनी बेल वाजवली तेव्हा मी भानावर आलो. आता ताईला काय दाखवू? तक्ता उघडला.

चार ते पाच : गेला.

आधी बरंच वाटलं, नंतर डोकं तडकलं. अरे, गेला कसा? मी तासभर इथे बडवत होतो! फाइल उघडली तर पान बारापाशी थांबलेली, तीन एकोणसाठला. तासाभरात केलेली चार पानं गायब. मी त्या प्रोग्रामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि रात्री बसून ती पानं पुन्हा केली.

मंगळवारी तेच. बुधवारी मी दर दहा मिनिटांनी फाइल जपून ठेवली, तरी पाचला ती तीन एकोणसाठचीच. गुरुवारी कळफलक बदलला. जुना आणला, तो माळ्यावरचा, त्याचं लांब बटण दर शब्दानंतर टक् वाजतं. म्हटलं, निदान दाबलेलं ऐकू तरी येईल. तासभर टक् टक् ऐकत काम केलं. गेला.

रविवारी तक्ता ताईला पाठवला. काय करणार? तिला हवा होता तसाच होता. तिने आईला फोन लावला, दुसऱ्या बाईंनी तो तिच्या कानाशी धरला. मग ताईने मला फोन केला तो रडतच. आई म्हणते रोज येतोस, पाय चेपतोस, केस विंचरतोस. मी उगाच तुला बोलले रे, माफ कर. मी शरमेने फोन ठेवला. मला वाटलं, म्हातारीने मला पाठीशी घातलं.

संध्याकाळी तिच्या कानाशी वाकून विचारलं, आई, मी काल आलो होतो का गं?

"असं काय विचारतोस?" ती म्हणाली. "केवढा वेळ बसलास. हात मात्र गार असतात रे तुझे... बाहीचं काहीतरी घालत जा."

तिचे केस खरंच विंचरलेले होते. मधोमध भांग, लहानपणी मला शिकवला होता तसा. मावशी तिची वेणी घालतात, भांग कधी पाडत नाहीत.

तरी मी प्रोग्रामवरच चिडलो. माणूस कशावर तरी चिडल्याशिवाय उभा राहत नाही. तो मूळ लिहिणारा परदेशातला सद्गृहस्थ, त्याला खरमरीत तक्रार लिहिली. त्याचं शांत उत्तर आलं. प्रोग्राम फक्त शेवटचं बटण कधी दाबलं ते पाहतो. तुमच्या नोंदीत चार ते पाच एकही बटण दाबलेलं नाही. तुम्ही नक्की जागेवर होतात का? नसेल विश्वास तर कोड उघडा आहे, वाचा.

वाचला. तेवढा भाग म्हणजे जेमतेम चाळीस ओळी. तीनदा वाचला. बंद डबा असता तर म्हटलं असतं, आत काहीतरी असेल. इथे सगळं उघडं. खोटं लपायला जागाच नव्हती.

मग मी ठरवलं, पुरे. उद्या चारला मी जाणार आणि बसणार.

गेलो. पाच मिनिटं आधीच. कॉम्प्युटर कुलूपबंद केला, मावशींना वाटेला लावलं, आईच्या खोलीत शिरलो. दुपारचं ऊन पडद्यातून येत होतं, तेलाचा आणि औषधाचा वास, सगळं नेहमीचं. स्टूल पलंगाला चिकटवून ठेवलेलं होतं. बसलो. तिचा हात हातात घेतला.

तिने तो हलकेच सोडवून घेतला. मग माझा तळवा चाचपला, एकेक बोट, वर-खाली.

"मावशी... अजून गेला नाहीत?"

कानाशी वाकून म्हटलं, मी आहे. मी.

"मी कोण?" तिने हात पुन्हा चाचपला. "नाही हो. हा हात गरम आहे." मग जरा अवघडून हसली, पाहुण्यांपुढे हसायची तशी. "तुम्ही बसा हवं तर. पण चारला माझा मुलगा येतो... तेवढं स्टूल रिकामं ठेवाल?"

तुम्ही. जन्मात तिने मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि रागही आला, कोणाचा ते कळेना. काय बोलावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

टक्.

मग थोडं थांबून, टक्... टक्. कोणीतरी सावकाश, शब्द जुळवत लिहीत होतं. घरात आम्ही दोघंच होतो. मी उठलो. इथे आलो. खोलीत कोणी नव्हतं. कुलूपबंद केलेला कॉम्प्युटर उघडा होता. पडद्यावर पंपाचं माहितीपत्रक नव्हतं, प्रोग्रामचे मराठी शब्द जिथे बदलतात ते भाषांतरकारांचं पान होतं, माझ्या नावाने उघडलेलं. मी वाकून पाहतोय एवढ्यात मागून आईचा आवाज आला.

"आलास? किती रे उशीर... एक बाई येऊन बसल्या होत्या."

धावलो. दारातच थांबलो. स्टुलावर कोणी नव्हतं. आईचा हात चादरीवर, पंजा वळलेला, दुसऱ्या कोणाचा तरी हात त्यात असावा तसा. ती हसत होती. मला सांगायला लाज वाटते, पण तसं ती माझ्याशी कित्येक वर्षांत हसली नव्हती. मी तिथे गेलो असतो तर ते हसू गेलं असतं. म्हणून नाही गेलो. पाच वाजेपर्यंत चौकटीला धरून उभा राहिलो.

परत आल्यावर ते पान वाचलं. 'गेला' खोडलेला. त्या जागी दुसरा शब्द. पुढे माझं नाव, वेळ चार वाजून बारा. रकान्यात चपखल बसत होता. खाली शुद्धलेखनकाकांनी लिहिलं होतं, शेवटी ऐकलंत, आभारी आहे, पण हा शब्द सगळ्यांना कसा चालेल? तरी सवयीने त्यांनी 'मंजूर' दाबलं होतं. एकदा मंजूर झालं की मला बदलता येत नाही. दोनदा अर्ज केला, उत्तर नाही. घ्या! एवढी उघडी व्यवस्था, आणि माझाच शब्द मला परत मिळत नाही.

आता मी चारला जात नाही. गेलो तर ती स्टूल रिकामं ठेवा म्हणते आणि दाराकडे तोंड करून वाट बघत राहते. जो तास मला नको होता तो आता मागूनही मिळत नाही. इथे बसतो, भिंतीला कान लावून. ताई खूश आहे. आईची तब्येतही सुधारली आहे, गालांवर मांस चढलंय. तक्रार करायला कुठे जागाच नाही.

फक्त एक आहे. गेल्या आठवड्यात ती नोंद तीनला सुरू झाली. परवा सव्वाबाराला. त्या वेळात मी जे काही लिहितो ते उरत नाही. परवा मावशींना मी पाणी मागितलं तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही. कामात असतील.

हा बघा तक्ता. आत्ता सकाळचे अकरा वाजलेत, माझी बोटं कळफलकावर आहेत, बटणं दाबतोय, टक् टक् तुम्हालाही ऐकू येतंय ना? आणि ही शेवटची ओळ वाचा. दहा बावन्नपासून : आईजवळ.

तुम्ही आलात तेव्हाही साधारण दहा बावन्नच झाले होते. मी या खुर्चीतून उठलेलो नाही, आणि मावशी आज रजेवर आहेत. दार उघडून ज्याने तुम्हाला आत घेतलं, त्याच्याशी तुम्ही हात मिळवलात का? गार होता?